वाचकांचे प्रश्न : पासबुकातली नोंद, तीस दिवसांची मुदत आणि रेच्यावरचा पीएफ

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच गोंधळ दिसतो. कार्ड हाती आलं म्हणजे विमा झाला, असं अनेकांनी धरून ठेवलं आहे. विमा तेव्हाच असतो, जेव्हा त्या वर्षाचा हप्ता भरल्याची नोंद कुठेतरी असते. ती नोंद कुठे पाहायची आणि किती दिवसांत कुणाकडे जायचं, यावर उत्तरांत जास्त भर दिला आहे.

प्रश्न : पती रात्री पऱ्हाटीच्या वावरात जागलीला गेले होते, तिथे साप चावला. प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचायच्या आतच ते गेले. शवविच्छेदन झालं नाही. त्यांचं वय ३८ होतं. सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे. बँकेतून विम्याचे पैसे कटतात असं ते म्हणायचे. आज बावीस दिवस झाले. आम्हाला काही मिळेल का?
– एक भगिनी, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, मिळू शकतं, आणि एकाहून जास्त ठिकाणांहून. मात्र आठच दिवस हातात आहेत असं समजून उद्याच निघा.

सगळ्यात आधी पतीच्या खात्याचं पासबुक भरून घ्या आणि मे-जूनच्या नोंदी पाहा. २० रुपये कटले असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा, म्हणजे अपघाती मृत्यूचे २ लाख. ४३६ रुपये कटले असतील तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, म्हणजे कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. दोन्ही कटले असतील तर दोन्ही दावे करता येतात. दोन्ही विम्यांचं वर्ष १ जून ते ३१ मे असं असतं, त्यामुळे मागच्या वर्षीची नोंद उपयोगाची नाही.

दाव्याचा अर्ज त्याच बँक शाखेत फुकट मिळतो. सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचं आधार, वारसाच्या खात्याचा तपशील. जीवन ज्योतीसाठी एवढ्यावर काम भागतं. सुरक्षा विम्यात मृत्यू अपघातानेच झाला हे दाखवावं लागतं. रस्ता अपघात किंवा पाण्यात बुडणं असेल तर पोलिसांतली नोंद लागते. साप चावणं, झाडावरून पडणं अशा वेळी दवाखान्याची तात्काळची नोंद चालते. म्हणून आरोग्य केंद्रात जा आणि त्या रात्रीच्या नोंदवहीच्या आधारे, सर्पदंशाने मृत्यू झाल्याचं वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र मागा. तुमच्या प्रकरणाचा सगळा भार या एका कागदावर आहे.

तोच कागद दुसऱ्या ठिकाणी, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत लागतो. पूर्वी हा विमा कंपनीमार्फत होता, २०२३ पासून राज्य सरकार थेट अनुदान देतं. मृत्यू झाल्यास २ लाख, दोन डोळे किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास १ लाख. वयाची अट १० ते ७५. सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून घाबरू नका. खातेदाराबरोबर त्याच्या कुटुंबातला एक सदस्य यात धरला जातो, आणि मुलगा त्यात येतो. उपचाराआधीच मृत्यू झाल्याने सर्पदंशाचं शवविच्छेदन झालं नसेल, तर त्या अहवालातून सूट आहे, पण वैद्यकीय अधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र लागतंच.

अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत द्यायचा. सोबत सासऱ्यांचा सातबारा, गाव नमुना ६-क ची वारस नोंद, मृत्यूचा दाखला, पतीच्या वयाचा पुरावा, सासरे आणि पती यांचं नातं दाखवणारं रेशनकार्ड, आणि पोलिसांचा पंचनामा नसेल तर पोलीस पाटलांचा माहिती अहवाल. एखादा कागद राहिला म्हणून अर्ज थांबवू नका. आहे तेवढा अर्ज द्या, तारीख टाकलेली पोच घ्या, उरलेले कागद मागून जोडा. आमच्या पाहण्यात बहुतेक दावे वारस नोंदीची वाट पाहण्यात मुदतीबाहेर जातात.

बँकेतला विमा पतीच्या हप्त्याचा आहे, तो घेतल्याने हे अनुदान अडत नाही. अडतं ते त्याच अपघातासाठी सरकारच्या दुसऱ्या खात्याकडून मदत घेतली तर. उदाहरणार्थ, वाघाच्या हल्ल्यात वन विभागाकडून भरपाई मिळाली, की इथे अर्ज चालत नाही.

घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० रुपये तहसील कार्यालयातून मिळतात. कर्ता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर ही मदत आहे.

याला लागूनच फवारणीचं सांगायला हवं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर गेले, तेव्हापासून हा प्रश्न सारखा येतो. कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा अपघातात धरली जाते, विष घेणं धरलं जात नाही. दवाखान्यात भरती करताना घाबरलेले नातेवाईक नुसतं "औषध पोटात गेलं" म्हणतात, केस पेपरवर "विष प्राशन" लिहिलं जातं, आणि पुढे तो शब्द खोडता येत नाही. फवारणी करत असताना झालं असेल तर तेच शब्द, औषधाच्या नावासह, केस पेपरवर लिहून घ्या आणि औषधाचा रिकामा डबा सोबत न्या.

प्रश्न : खात्यातून दरवर्षी २० रुपये कटायचे, यंदा कटलेच नाहीत. बँक म्हणते शिल्लक नव्हती.
– एक कास्तकार, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : हे आपल्या भागात फार होतं. हप्ता मेच्या शेवटच्या आठवड्यात कटतो, आणि नेमका तेव्हाच खात्यातला पैसा बियाणं-खतात गेलेला असतो. २० मेपर्यंत खात्यात किमान ४५६ रुपये राखून ठेवा. हप्ता चुकला तर शाखेत पुन्हा नाव नोंदवता येतं. सुरक्षा विम्याला तेव्हाही पूर्ण २० रुपये लागतात. जीवन ज्योतीला सप्टेंबर ते नोव्हेंबरात ३४२, डिसेंबर ते फेब्रुवारीत २२८ आणि मार्च ते मेमध्ये ११४ रुपये लागतात, पण नव्याने आल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर मृत्यूला संरक्षण नसतं. दोन बँकांतून हप्ता कटत असेल तर एक बंद करा. दावा एकच मिळतो, दुसरा हप्ता वाया जातो.

प्रश्न : मी जिनिंगमध्ये रेच्यावर (सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रावर) काम करतो. दिवाळीनंतर काम लागतं, उन्हाळ्यात सुटतं. मालक दरवर्षी तोच असेल असं नाही. पीएफ कटतो. असं तुकड्यातुकड्यात काम करून पेन्शन बसते का? आणि दवाखान्याचं कार्ड का देत नाहीत?
– एक कामगार, हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, आधी पेन्शन. समजा पगार १२,००० आहे. तुमचे १२ टक्के, म्हणजे १,४४० पीएफमध्ये जातात. मालकाच्या १,४४० पैकी सुमारे १,००० पेन्शनच्या खात्यात आणि उरलेले ४४० तुमच्या पीएफमध्ये. पेन्शनला १० वर्षं सेवा लागते. हंगामी कामगाराची एका वर्षातली प्रत्यक्ष सेवा वर्षाहून कमी भरली तरी ती पूर्ण वर्ष धरावी, असं पेन्शन योजनेच्या नियमातच आहे. म्हणजे तुमचे दहा हंगाम दहा वर्षं होऊ शकतात.

मग लोकांची पेन्शन का बुडते? हंगाम संपला की घरखर्चाला पैसे लागतात, कुणीतरी १०-सी फॉर्म भरून पेन्शनची रक्कमही काढून देतो. चार-पाच हजार हातात येतात आणि मागची सगळी सेवा पुसली जाते. निकड असेल तर पीएफमधून नियमात बसेल तेवढी उचल घ्या, पेन्शनच्या रकमेला हात लावू नका. त्याच १०-सी फॉर्मवर पैशांऐवजी योजना प्रमाणपत्र मागता येतं, त्यात सेवा शाबूत राहते.

दुसरी अडचण नंबरांची. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, आयुष्यभर एकच असतो. नव्या जिनिंगमध्ये जाताना जुना नंबर दिला नाही की मुनीम नवा काढतो आणि सेवा दोन ठिकाणी विभागली जाते. दर हंगामाला तीन गोष्टी तपासा: आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का, काम सोडल्याची तारीख मालकाने टाकली का, आणि ठेकेदाराने कापलेला पैसा खरंच जमा झाला का. नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला की शेवटचा भरणा संदेशात येतो. पगारातून कपात आहे आणि संदेशात भरणा नाही, तर त्याच महिन्यात भविष्य निधी कार्यालयात लेखी तक्रार करा. हंगाम संपल्यावर ठेकेदार सापडत नाही.

पेन्शन ५८ व्या वर्षी. हिशोब असा: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. १२,००० आणि १० वर्षांना १,७१४ रुपये महिना येतात. २० वर्षं भरली की सेवेत दोन वर्षं वाढीव धरतात, म्हणून ३,७७१. रक्कम लहान आहे हे खरं, पण तुमच्यानंतर पत्नीला त्यातून पेन्शन चालू होते. म्हणून ती सोडू नका असं आम्ही आग्रहाने सांगतो.

आता दवाखान्याचं कार्ड. ते कार्ड ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं. ईएसआय हंगामी कारखान्यांना लागू नाही, आणि कापसाचं जिनिंग-प्रेसिंग कायद्याने हंगामी ठरलं आहे. त्यामुळे इथे मालक चोरी करतो असं नाही, कायद्यानेच तुम्हाला बाहेर ठेवलं आहे, आणि आमच्या मते हा अन्याय आहे. कारण रेचा आणि गाठीचा प्रेस ही बोटं खाणारी यंत्रं आहेत.

म्हणूनच अपघात भरपाईचा कायदा पाठ असू द्या. त्यात कामगाराने हप्ता भरलेला नसतो, भरपाई मालकाने द्यायची असते, मग त्याने विमा काढलेला असो वा नसो. उदाहरण घ्या. वय ३०, पगार १२,०००, एका हाताची चारही बोटं गेली. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२००, त्याला वयाचा गुणक २०७.९८, म्हणजे १४,९७,४५६. चार बोटांची हानी ५० टक्के धरतात, म्हणून भरपाई ७,४८,७२८ रुपये. अशा वेळी पन्नास हजार देऊन कोऱ्या कागदावर अंगठा घेतला जातो. तो कागद भरपाई आयुक्तांकडे नोंदवलेला नसेल तर त्याने तुमचा हक्क जात नाही. दावा दोन वर्षांच्या आत करायचा. अपघाताच्या दिवशीचा केस पेपर, हजेरीची नोंद किंवा पगार जमा झाल्याचं पासबुक आणि सोबतच्या दोन कामगारांची नावं जपून ठेवा.

प्रश्न : ई-श्रम कार्डावर दोन लाखांचा विमा आहे ना?
– एक शेतमजूर महिला, ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : आता नाही, ताई. ३१ मार्च २०२२ पर्यंत नोंदणी झालेल्यांना, त्याच तारखेपर्यंत झालेल्या अपघातासाठी ती मदत होती. कार्ड ही असंघटित कामगार म्हणून तुमची नोंद आहे, ते ठेवा, पण विम्यासाठी वर्षाला २० रुपये हप्त्याच्या सुरक्षा विम्याचा अर्ज बँकेत वेगळा द्या. अर्ज भरून देण्यासाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

प्रश्न : मुलगा ३० वर्षांचा आहे, कधी शेतमजुरी, कधी गवंड्याच्या हाताखाली काम करतो. म्हातारपणासाठी श्रमयोगी मानधन घ्यावं की अटल पेन्शन?
– एक वाचक, ता. साकोली, जि. भंडारा

उत्तर : काका, ३० व्या वर्षी ३,००० च्या पेन्शनसाठी श्रमयोगीला महिना १०५ रुपये लागतात, तेवढेच सरकार टाकतं. अटल पेन्शनला ३४७ लागतात. फरक मागच्यांसाठी आहे. श्रमयोगीत साठीनंतर तो गेला तर पत्नीला निम्मे, १,५००, आणि तिच्यानंतर मुलांना काही नाही. अटलमध्ये पत्नीला पूर्ण ३,००० आणि दोघांनंतर वारसाला ५ लाख १० हजार. पीएफ कटत असेल तर श्रमयोगीत बसता येत नाही. महिन्याला पैसा हाती नसतो अशा घराला अटलचा सहामाही हप्ता सोयीचा पडतो, तो धान विकल्यावर भरता येईल असा ठरवून घ्या.

आणि गवंडीकाम वर्षात ९० दिवस भरत असेल तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी कराच. ९० दिवसांचा दाखला ठेकेदार किंवा ग्रामसेवक देऊ शकतात. काम करताना मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाख, नैसर्गिक मृत्यूला २ लाख, बाळंतपणाला १५,००० आणि शस्त्रक्रिया झाली तर २०,००० मिळतात. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं आणि नव्वद दिवसांचा दाखला दरवर्षी नवा लागतो. म्हणून घरकुलाचं असो की शाळेच्या भिंतीचं, प्रत्येक काम संपलं त्याच दिवशी तारखा आणि मालकाची सही एका वहीत घेऊन ठेवायला सांगा.