गाडीच्या पेंटला केमिकल पॉलिश की रबिंग?

प्रश्न: माझी काळी सेडान 6 वर्षांची आहे, सोसायटीत उघड्यावरच असते. बॉनेटवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडलेत आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात. डिटेलिंगवाला म्हणतो रबिंगशिवाय पर्याय नाही, मित्र म्हणतो पेंट जाईल, केमिकल पॉलिशच मार. कुणाचं ऐकू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: आधी हे बघा की जे दिसतंय ते पेंटच्या वर बसलंय की पेंटमध्ये कोरलं गेलंय. केमिकल पॉलिश डांबर, जुनं वॅक्स, वरची मळकट पुटं विरघळवतं, ओरखडा काही काढत नाही. बऱ्याच बाटल्यांमध्ये फिलर असतात, ते ओरखड्यात भरून बसतात आणि गाडी चकाचक दिसते, पण चार धुण्यांत जाळं परत हजर. म्हणून कुणी पॉलिश करून दिलं की अर्धं पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने छोटासा भाग पुसून टॉर्च मारून बघाच, फिलर असतील तर लगेच कळतं.

रबिंगमध्ये अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे बारीक कण क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) झिजवून सपाट करतात, त्यामुळे ओरखडा खरोखर जातो. पण क्लिअर कोट असतो साधारण 40 ते 50 मायक्रॉन, तो परत वाढत नाही, आणि ऊन अडवणारा भागही तोच, म्हणून दर सर्व्हिसिंगला 'रबिंग पॉलिश' लावून घेणं मला अजिबात पटत नाही. मित्राची भीती अगदी खोटी नाही.

तुमच्या गाडीचं असं करा: डाग म्हणजे क्षार, ते आधी वॉटर स्पॉट रिमूव्हरने काढा, सावलीत, बॉनेट गार असताना, आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. मग क्ले बार, म्हणजे पेंटला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी, फिरवा. त्यानंतरही खुणा आणि जाळं राहिलं तर डीए मशीनवर (ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे पॅड फिरता फिरता डोलवणारं पॉलिशिंग मशीन) फिनिशिंग पॉलिश, म्हणजे सगळ्यात कमी घासणारं, आधी हातभर जागेवर करून बघा, तेवढ्याने भागलं तर कंपाउंडला, म्हणजे जास्त घासणाऱ्या पॉलिशला, हात लावू नका. नख अडकतं असा ओरखडा असेल तर तो तसाच राहू द्या, त्यामागे लागलात तर क्लिअर कोट पार झिजून जाईल.

प्रश्न: जुन्या लाल गाडीला पॉलिश केलं तर फडक्याला लाल रंग लागतो, बिघडलं का?

उत्तर: नाही, तिला क्लिअर कोट नसावा. अशा फिक्या पडलेल्या रंगाला हलकं घासणारं पॉलिशच छान उठाव देतं, फक्त हाताने करा आणि कडांवर जोर देऊ नका, प्रायमर तिथेच आधी उघडा पडतो.