मयत खातेदाराची सही

प्रश्न : मी जुन्नर तालुक्यात वकिली करतो. एका पतसंस्थेसाठी शोध अहवाल (जमिनीची मालकी व तिच्यावरील कर्जे तपासणारा अहवाल) तयार करताना सातबाऱ्यावर बोजा एकच, संस्थेच्या खतावणीत (हिशेबवहीत) मात्र त्याच गटावर तीन कर्जे दिसली. एका गहाणखतावर तर मयत खातेदाराची सही आहे. विचारणा करताच धमकीचे फोन येऊ लागले. पक्षकाराची गोपनीयता मोडता येईल का?

उत्तर : पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले उघड करता येत नाही, हे खरे, परंतु बेकायदा हेतूसाठी झालेल्या संभाषणाला, किंवा काम हाती घेतल्यानंतर घडलेल्या आणि वकिलाने स्वतः पाहिलेल्या फसवणुकीला, भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम १३२ संरक्षण देत नाही. (सही मृत्यूनंतरची आहे, एवढे तारखांवरूनच सिद्ध होते; हस्ताक्षरतज्ज्ञ नंतर पाहू.) मृत्यूचा दाखला व गहाणखताची प्रत जोडून सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे, पुण्यात, लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी, सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८३ खाली चौकशी होऊन कलम ८८ नुसार संचालकांवर नुकसानीची जबाबदारी निश्चित होऊ शकते. पतसंस्थेतील ठेवींना बँकांसारखे ५ लाखांचे विमाकवच नसल्याने येथे विलंब ठेवीदारांना महागात पडतो. धमक्यांची फिर्याद मात्र पोलिसांत स्वतंत्रपणे, आजच नोंदवा.