टाळूचं ऑपरेशन झालेलं बाळ घरी आल्यावर

ताई, तुमचा १० महिन्यांचा मुलगा तोंडातल्या दुभंगलेल्या टाळूच्या ऑपरेशननंतर कागलला घरी आलाय, दूध घेताना रडतोय, आणि सासूबाई म्हणताहेत हात तोंडात जाऊ नये म्हणून बांधलेल्या पट्ट्या सोडा, बाटली द्या. मी कोल्हापुरात लहान मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षं सिस्टर होते. यातलं काहीही करू नका.

बाटलीचं निपल टाक्यांवर घासतं, चोखताना टाळूवर ताण येतो. टाके उसवले तर भोक राहतं, दूध नाकातून येतं आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागू शकतं. घरातलं बोंडलं उकळून घ्या. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरा, बोंडल्याचं टोक खालच्या ओठावर टेकवा, आत घालू नका. थोडं ओता, गिळलं की पुढचं. मध्ये ढेकर काढा, या बाळांच्या पोटात हवा फार जाते. रडणं दुखण्याचं आहे. डॉक्टरांनी वजनावर ठरवून दिलेलं औषध दुधाच्या अर्धा तास आधी देऊन बघा. शेवटी दोन चमचे उकळून गार केलेलं पाणी, म्हणजे टाके धुतले जातात. गाळलेलं नाचणीचं सत्त्व चालेल. चिरमुरे, बिस्कीट, टोस्ट सर्जन सांगेपर्यंत नको. मध तर वर्षाच्या आत कुठल्याच बाळाला नको.

लेकराचे हात बांधलेले बघून आजीचा जीव तुटणारच. पण या वयात हाताला येईल ते तोंडात जातं. दोन-तीन तासांनी एका वेळी एकच पट्टी काढा, कातडी लाल झालीय का बघा, हात हलवू द्या. ते काम आजींनाच द्या, त्या हात सोडणार नाहीत.

लाळ थोडी गुलाबी दिसेल, झोपेत घोरेल. सुरुवातीचे काही दिवस हे चालतं. पण ताजं लाल रक्त आलं, तोंडात काही नसताना सारखं गिळत राहिला (रक्त घशात उतरत असतं), श्वास घेताना छाती आत ओढली गेली किंवा सहा तास लघवी झाली नाही, तर रात्री-अपरात्रीही निघा.

आणि ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं, हे मनातून काढा. पोटात ओठ साधारण ७व्या आठवड्यापर्यंत आणि टाळू १२व्यापर्यंत जुळते. ते जुळणं राहून गेलं. विळीचा संबंध नाही.

पुढच्या तपासणीला कानही दाखवा. या मुलांच्या पडद्यामागे पाणी साठतं, ऐकू कमी येतं, बोलणं लांबतं. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्याकडे बाळाचं नाव नोंदवा.