सायकलची सुरक्षितता: सवय महत्त्वाची की रस्त्याची आखणी?

वडोदऱ्यात सायकल चालवणे सुरक्षित व्हावे यासाठी वाहनचालकांच्या सवयी बदलाव्यात की रस्ते, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते आधी रस्ते, कारण सवयी बऱ्याच अंशी रस्ताच लावतो. रुंद, सरळ रस्त्यावर वेगमर्यादेची पाटी कितीही मोठी लावली तरी गाड्या सुसाटच जातात. तोच रस्ता अरुंद केला आणि कोपऱ्यावरचे वळण आवळले की वेग आपोआप उतरतो. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी, चालकाला ब्रेक दाबायचे सुचेपर्यंतच्या एका सेकंदात सुमारे 14 मीटर पुढे गेलेली असते, तर 30 च्या वेगाला हेच अंतर 8 मीटर भरते. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे 50 ला ती जवळजवळ पावणेतीन पट होते.

दांडिया बाजारातून सूरसागरकडे जाताना मी उभ्या गाड्यांपासून चांगले हातभर लांब राहतो, कारण मागे न पाहता दार उघडणारा कुणीतरी भेटतोच. चालकाने आपले उजवे दार डाव्या हाताने उघडले तर मान आपसूक मागे वळते. ही सवय मात्र फुकट लावून घेता येते. सायकलींसाठी नुसता पांढरा पट्टा आखला तर तिथे संध्याकाळपर्यंत स्कूटर उभ्या राहतात, म्हणून मध्ये उंच कठडा हवाच.

सायकलस्वारांची संख्याही महत्त्वाची. पीटर जेकबसन यांच्या 2003 च्या अभ्यासानुसार ती दुप्पट झाल्यास प्रत्येकाचा धोका साधारण एक तृतीयांशाने घटतो.