वाचकांचे प्रश्न: कोरीवकामासाठी घरातली जागा, हत्यारे आणि लाकूड

प्रश्न: गच्चीवर ८ बाय १० फुटांची पत्र्याची खोली रिकामी आहे. तिथे लाकडावर कोरीवकाम करता येईल का? की खाली हॉलमध्येच टेबल मांडू? तिथे उन्हाळ्यात कूलर असतो.
– वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: जागा भरपूर आहे, अडचण उन्हाची आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. तेव्हा पत्र्याखालची हवा इतकी तापते की अर्धवट कोरलेली फळी एका दुपारीत टोकाकडून तडकू शकते. म्हणून त्या खोलीत सकाळ-संध्याकाळ काम जरूर करा, पण लाकूड तिथे साठवू नका. लाकूड खाली, उन्हाच्या भिंतीपासून दूर ठेवा. कूलरसमोरही नको. कूलर चालू असताना लाकूड ओलावा शोषते आणि बंद झाला की सोडते. या चढउतारात पातळ फळी हमखास वाकते. चालू काम रोज प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवले तर निम्मा त्रास वाचतो.

खरा खर्च आणि मेहनत टेबलावर करा. टेबल हलले तर पटाशीचा जोर लाकडात न जाता टेबलात जातो, आणि हत्यार घसरते तेही अशाच वेळी. अडीच बाय दोन फुटांचा, दोन इंच जाडीचा माथा आणि तीन इंची चौकोनी पाय पुरेत. पायांच्या खालच्या बाजूला एक फळी ठोकून त्यावर वाळूची ४०-५० किलोंची पोती ठेवा. शक्य असेल तर मागची बाजू लोखंडी अँगलने भिंतीला जखडा. उंची मोजायची ती अशी: सरळ उभे राहून कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर घ्या आणि त्यातून चार इंच वजा करा. सुताराचे नेहमीचे टेबल याहून ठेंगणे असते. त्यावर वाकून कोरत बसलात तर तासाभरात कंबर धरते.

काम पकडायला सहा इंची दोन जी क्लॅम्प घ्या. ज्या कामावर क्लॅम्प आडवे येतात, त्याला वर्तमानपत्राची युक्ती करा. टाकाऊ फळीवर फेव्हिकॉल, त्यावर वर्तमानपत्राचा एक थर, पुन्हा फेव्हिकॉल आणि वर तुमचे लाकूड. दाबून रात्रभर ठेवा. कोरून झाले की सांध्यात पातळ पट्टी घालून हलकेच ठोका. कागद मधून फाटतो आणि काम सुटते. मागे राहिलेला कागद ओल्या फडक्याने निघतो.

डोक्यावरच्या ट्यूबलाइटच्या भरवशावर राहू नका. वरून सरळ उजेड पडला की उठाव सपाट दिसतो आणि किती खोल कोरले याचा अंदाज चुकतो. हलवता येणारा एक दिवा बाजूला, कामापेक्षा जरासाच उंच ठेवा. सावल्या लांब पडल्या की कुठे खड्डा राहिला आणि कुठे उंचवटा, ते लगेच कळते.

प्रश्न: बाजारात बारा पटाश्यांचा संच स्वस्तात मिळतो. तो घ्यावा का?
– वाचिका, साखर पेठ

उत्तर: घेऊ नका. त्यातल्या निम्म्या पटाश्या वापरात येत नाहीत, आणि मऊ पोलादाची धार सागवानावर पाच मिनिटे टिकत नाही. त्याच पैशांत चांगल्या पोलादाच्या कमी पटाश्या आल्या तरी चालेल. पाच पुरतात: १२ मिमीची सपाट, १२ मिमीची उथळ गोल (क्रमांक ३), १० मिमीची मध्यम गोल (क्रमांक ७), ६ मिमीची खोल गोल (क्रमांक ९) आणि रेघा पाडायला ६ मिमीची, ६० अंशांची व्ही पटाशी. क्रमांक वाढेल तसा गोलाकार खोल होतो. ठोकायला बाभळीची अर्धा किलोची मोगरी करून घ्या. लोखंडी हातोड्याने पटाशीची मूठ फुटते.

वाचलेले पैसे धारेवर घाला. नवी पटाशी बहुतेक वेळा कामाची धार घेऊन येत नाही. दोन बाजूंचा, जाडा-बारीक कार्बोरंडमचा दगड आणि चामड्याची पट्टी लागते. पटाशीच्या उतारावर, म्हणजे धारेकडे निमुळत्या होणाऱ्या तिरक्या भागावर, स्केचपेन फिरवा आणि दगडावर दोन-चार वेळा घासा. शाई टोकापाशी राहिली असेल तर हात फार खाली जातोय. मागे राहिली असेल तर फार वर. मऊ लाकडाला उताराचा कोन २० अंश आणि सागवान-शिसवीला २५ अंशांच्या आसपास ठेवा. गोल पटाशी घासताना मनगट वळवत जा, नाहीतर मधोमध सपाट पडते आणि कोपरे झिजतात. उलट बाजूला सगळीकडे बारीक काटा (घासून वळलेली पोलादाची कड) बोटाला लागला की थांबा. पातळ गोल काठीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून आतल्या बाजूने तो काटा काढा. मग चामड्यावर पॉलिशचा साबण लावून पटाशी फक्त मागे ओढा. पुढे ढकलली तर चामडे कापते.

धार तपासायची ती लाकडाच्या तंतूंच्या रेषेला आडवा काप घेऊन. काप चकचकीत आला पाहिजे. त्यात पांढरी रेघ उमटली तर धारेत खाच आहे.

प्रश्न: ग्राइंडरवर घासल्यापासून पटाशीची धार सारखी तुटते किंवा दुमडते.
– वाचक, शेळगी

उत्तर: टोक निळे पडले होते का? तसे असेल तर पोलादाचे पाणी उतरले आहे आणि तो भाग मऊ झाला आहे. म्हणून धार दुमडते. निळा भाग पूर्ण जाईपर्यंत दगडावर हाताने घासणे एवढाच उपाय आहे. पुढे ग्राइंडर वापरलाच तर दर दोन-तीन सेकंदांनी पटाशी पाण्यात बुडवा. धार दुमडत नसून तुकडा उडत असेल, तर कोन फार बारीक आहे किंवा तुम्ही पटाशी रुतवून छिलका तरफेसारखा उचकटता. छिलका उचकटायचा नाही, कापून सोडवायचा.

प्रश्न: सुरुवातीला कोणते लाकूड घ्यावे? जुन्या वाड्याच्या तुळया स्वस्त मिळतात.
– वाचक, बाळे

उत्तर: शिवण घ्या. हलके, एकसारखे आणि वाळताना फारसे न वाकणारे लाकूड आहे. सागवान दिसायला सुंदर, पण त्यात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर मरते. ते दुसऱ्या-तिसऱ्या कामाला ठेवा. पॅकिंगच्या खोक्यांचे पाइन टाळा. त्यात मऊ-कडक थर आलटून पालटून येतात आणि मऊ थर चिरडतो. आंब्याच्या लाकडाला पोखरकिडा लवकर लागतो. ते वापरायचेच असेल तर लिटरभर कोमट पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून दोन हात द्या. पोळपाट, चमचे अशा खाण्याच्या वस्तूंना मात्र हे लावायचे नाही.

जुन्या तुळईचे लाकूड उत्तम वाळलेले असते. फक्त चुंबक फिरवून मोडके खिळे शोधा; एका खिळ्याने तासाभराची धार जाते. कापड विणायच्या मागाचे जुने लाकूड मिळाले आणि त्यात वंगण मुरले असेल, तर त्यावर पॉलिश बसत नाही. ओले लाकूड आणलेत तर त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावा. ओलावा टोकांतून सर्वांत वेगाने जातो आणि चिरा तिथूनच सुरू होतात.

प्रश्न: शेवटी जवसाचे तेल लावले तर चालेल का?
– वाचिका, होटगी रोड

उत्तर: चालेल. पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले पुसून घ्या, आणि एक हात पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा देऊ नका. जाड थर महिनाभर चिकट राहतो. पण तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडते आणि बोळ्यात ती कोंडते; चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पत्र्याच्या खोलीत हा धोका वाढतो. चिंध्या बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या डब्यात ठेवा.