‘मुलांसाठी ठेवली आहे’ म्हणजे नेमकी कुणासाठी?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टहून एका भगिनींचे साडेतीन पानांचे पत्र आले आहे आणि त्यातली जवळजवळ तीन पाने एका ट्रेलरबद्दल आहेत. कोलमनचा १९९६ सालचा घडीचा कॅम्पर त्यांनी १९९९ मध्ये वापरलेला विकत घेतला, मोटारीमागे जोडून दोन मुलांसह सोळा उन्हाळे हिंडवला आणि त्यानंतर तो जो घराच्या बाजूला निळ्या ताडपत्रीखाली उभा राहिला, तो अजून तिथेच आहे. हँडल फिरवले की छत वर जाते आणि दोन्ही बाजूंना पलंग बाहेर सरकतात, म्हणून घरात त्याचे नाव ‘छत्री’ पडले. आता तो तिथून हलवा, अशी वसाहतीच्या मंडळाची दुसरी नोटीस आली आहे.

“विकू या म्हटले की यांचे एकच उत्तर असते,” असे त्या लिहितात, “‘छत्री मुलांसाठी ठेवली आहे.’ मुलगा सिएटलला, मुलगी ऑस्टिनला. दोघांच्याही घरी ती उभी करायला जागा नाही. तरी हे दर पावसाळ्याआधी ताडपत्री बदलतात. मी काय करावे?”

या सदराचे जुने वाचक आता मनातल्या मनात हसले असतील, कारण ‘मुलांसाठी’ हा शब्द दिसला की मला थांबवणे कठीण जाते, हे त्यांना ठाऊक आहे. आपण देश सोडला तो मुलांसाठी, जी बहुतेकांच्या बाबतीत तेव्हा जन्मलीही नव्हती. परत गेलो नाही ते मुलांसाठी. पुण्याचा बंद फ्लॅट, बँकेतल्या लॉकरमधल्या पाटल्या, गराजमधली व्हीसीआरच्या कॅसेटींची खोकी, सगळे काही मुलांसाठी. एवढ्या वर्षांत या सदराकडे आलेल्या पत्रांत ‘हे मी माझ्यासाठी ठेवले आहे’ असे साधे वाक्य मला फार क्वचित वाचायला मिळाले. स्वतःला एखादी गोष्ट हवी असणे ही जणू चोरी आहे, अशा समजुतीत आपली पिढी वाढली, आणि ती समजूत आपण सुटकेसबरोबर इथवर आणली.

ताई, रागावणार नसाल तर एक सांगते. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या मुक्कामाच्या आरक्षणासाठी तुमचे यजमान महिन्याच्या १५ तारखेला सकाळी सातच्या ठोक्याला संगणकासमोर कसे बसत, पाच महिन्यांनंतरच्या जागा काही मिनिटांत कशा संपत आणि जागा मिळाली की ते कसे आंघोळीलाच पळत, हे तुम्ही अर्धे पान लिहिले आहे. तिथल्याच ट्वॉलमी मेडोजला ८,६०० फुटांवर पातेल्यातला भात तास झाला तरी शिजेना आणि पुढच्या वर्षापासून कुकर सोबत जाऊ लागला, हेही आहे. अस्वलांच्या भीतीने खाण्याचे सगळे सामान रात्री लोखंडी पेटीत कुलपात ठेवावे लागते, टूथपेस्टसुद्धा, आणि यजमानांनी लिंबाच्या लोणच्याची बरणी पेटीत ठेवायला विसरल्याचे आठवून मध्यरात्री दोन वाजता बॅटरी घेऊन बाहेर धाव घेतली, हा प्रसंग तर मी आमच्याकडे मोठ्याने वाचून दाखवला. आणि मुले? मुले पत्रात दोनदा येतात. एकदा मुलगी रात्री स्वच्छतागृहापर्यंत चालत जावे लागते म्हणून रडते आणि एकदा मुलगा मागच्या सीटवर आजारी पडतो.

मग छत्री कुणाची आहे, हे तुमच्याच पत्रात लिहिलेले नाही का?

माझ्या आईने मिरजेच्या घरात तिचे शिवणयंत्र माझ्यासाठी ठेवले होते. मला बटण लावण्यापलीकडे शिवण येत नाही, हे तिला चांगले ठाऊक होते. तरी वीस वर्षे ती त्याला तेल घालत राहिली, दर दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घातली आणि फोनवर न चुकता सांगत राहिली की तुझे मशीन तयार आहे. मीही ‘हो, ठेव’ म्हणत राहिले, कारण नको म्हटले तर तिला वाईट वाटेल अशी माझी खात्री होती. ती गेल्यावर जेमतेम पंधरा दिवसांच्या रजेत घर आवरताना ते यंत्र शेजारच्या सुनेला देऊन टाकावे लागले आणि देताना मी रडले ते यंत्रासाठी नव्हे. त्या यंत्रावर तिने चाळिशीत शिवणकाम करून आमच्या फिया भरल्या होत्या. ते तिला जवळ हवे होते, पण तसे म्हणण्याऐवजी तिने ते माझ्या नावावर टाकले आणि मी तिला एकदाही विचारले नाही की आई, तुला ते का सोडवत नाही.

एवढे शहाणपण येऊनही माझ्या स्वतःच्या घरात वेगळे काही घडले नाही, हे कबूल करायला हवे. मिशिगनमध्ये आमच्याकडेही असाच एक घडीचा कॅम्पर होता, जेकोचा. त्यातून आम्ही यलोस्टोनला गेलो आणि तिथल्या फिशिंग ब्रिज या तळाच्या फाटकावरून आम्हाला परत फिरवले, कारण तिथे ग्रिझली अस्वले असल्यामुळे कापडी भिंतींच्या गाड्यांना मुक्कामाची परवानगीच नसते. ते आधी नीट वाचले कुणी नव्हते, यावर आमच्यात ब्रिज बे या दुसऱ्या तळापर्यंत जे बोलणे झाले ते मुलांना अजून पाठ आहे. पुढे मुले कॉलेजला गेली आणि माझ्या यजमानांनी कॅम्पर परसात उभा केला, अर्थातच मुलांसाठी. सात हिवाळे त्याच्या छतावर बर्फ साचला. छताच्या सांध्यातून पाणी झिरपत होते ते बाहेरून कळले नाही. शेवटी उघडायला गेलो तेव्हा उंदरांनी गाद्यांत घरे केली होती आणि कोपऱ्यातल्या फळीवर पाय ठेवला तर ती भिजलेल्या खारी बिस्किटासारखी खचली. शेवटी तो ओढून न्यायला पैसे मोजावे लागले. आमचा मुलगा त्या दिवशी फोनवर म्हणाला, “मला तो कधीच नको होता, आई. बाबांना आवडतो म्हणून मी गप्प होतो.” आणि त्याचे बाबा शेजारी बसून म्हणत होते, “त्याला हवा होता म्हणून तर मी ठेवला.” सात वर्षे दोघे एकमेकांसाठी एक कुजणारा ट्रेलर सांभाळत होते.

म्हणून तुम्हाला माझे सांगणे असे की, विकायचे की नाही हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा आणि पुढच्या एखाद्या कोरड्या शनिवारी छत्री आधी उघडा. मंडळाला एक ओळ लिहून तेवढी सवलत मागा, बहुधा मिळते. हँडल यजमानांना फिरवू द्या. छत चारही बाजूंनी सारखे उचलले जाते का ते पाहा, एक कोपरा मागे राहत असेल तर आतली तार सैल झालेली किंवा तुटलेली असू शकते आणि मग छताला आधार दिल्याखेरीज कुणीही आत शिरायचे नाही. कापडावर काळे ठिपके आहेत का, वास कसला येतो, कोपऱ्यांतली जमीन पायाखाली लिबलिबते का, हे दोघांनी मिळून पाहा. यातून किंमत कळेल हे खरे, पण माझा हेतू वेगळा आहे. ताडपत्रीखाली झाकलेल्या वस्तूबद्दल माणूस वाटेल ते बोलू शकतो, उघडलेल्या वस्तूसमोर त्याला खरे बोलावे लागते.

त्याच संध्याकाळी मुलांना फोन करा, पण दोघांना वेगवेगळा, आणि यजमानांना शेजारी बसवून. प्रश्न कसा विचारता याला फार महत्त्व आहे. ‘तुम्हाला छत्री हवी आहे ना?’ असे विचारले तर आपली मुले ‘हो’च म्हणणार, आपणच त्यांना तसे वाढवले आहे. त्याऐवजी असे विचारा की, “येत्या ऑक्टोबरपर्यंत तू स्वतः येऊन ती घेऊन जाशील का?” या प्रश्नाला तारीख आहे आणि ओढायला मोटारीला हूक लागतो, म्हणून उत्तरही खरे येते. नाही म्हणाली तर त्यांचे आभार माना आणि ‘अरे, पण नातवंडे...’ हे वाक्य गिळून टाका. नातवंडांना हवा असेल तर त्या वेळचा कॅम्पर त्यांचे आईबाप घेतील.

त्यानंतर यजमानांना ‘आता तरी विकू या’ असे लगेच म्हणू नका. इथे मला तुम्हालाही थोडे बोलायचे आहे. “नोटीस आली हे एका अर्थी बरेच झाले” असे तुम्ही कंसात लिहिले आहे. म्हणजे ते मुलांच्या आड उभे आहेत आणि तुम्ही मंडळाच्या आड. सोळा वर्षे त्या चिंचोळ्या ओट्यावर चौघांचा चहा तुम्ही केला, तुम्हाला कंटाळा आला असेल तर तो तुमच्या नावाने सांगा. आणि त्यांना विचारा की मुले बाजूला ठेवली तर तुम्हाला ती हवी आहे का. ‘हो’ म्हणाले तर दोघांनीच जायचे का, की महिन्याचे भाडे भरून ती दुसरीकडे उभी करायची, हे त्यांच्या इच्छेवर आणि खिशावर ठरेल. साठीच्या गृहस्थाने स्वतःच्या हौसेसाठी भाडे भरले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. ‘नाही’ म्हणाले, तर त्यांना त्या रात्री एकटे बसू द्या आणि टीव्ही लावू नका.

आता तुमचे बाकीचे प्रश्न, थोडक्यात.

किमतीचे विचारता, तर कोरडी जमीन आणि धड कापड असेल तर खरेदीदार मिळतो, कुजलेली असेल तर फुकट द्यायलाही मिनतवाऱ्या कराव्या लागतात. कोलमनचे हे कॅम्पर पेनसिल्वेनियात सॉमरसेटला बनत, तो कारखाना केव्हाच बंद झाला, तेव्हा सुटे भाग शोधावे लागतील हे घेणाऱ्याला आधीच सांगा. टायर वरून नवे दिसतात म्हणून फसू नका. बाजूला कोरलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहा, ‘३२१४’ म्हणजे २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा. इतक्या जुन्या टायरांवर ती महामार्गावर नेऊ देऊ नका, मग नेणारा कितीही घाईत असो. कॅलिफोर्नियात मालकी बदलल्याचे पाच दिवसांच्या आत मोटार वाहन विभागाला कळवावे लागते, नाहीतर पुढचे दंड तुमच्या दारी येतात. ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून ‘वरचे पैसे परत करा’ म्हणणारा खरेदीदार भामटाच समजा.

पहिल्या पूजेच्या वेळी सासूबाईंनी पुढच्या पेटीवर काढलेले स्वस्तिक पुसावे का, असे विचारले आहे. पुसा. इथल्या लोकांना ते चिन्ह पाहून काय आठवते हे तुम्हाला ठाऊक आहे आणि नव्या मालकाला मुक्कामाच्या जागी खुलासे करत बसायला लावू नये. ओल्या फडक्याने तुम्हीच पुसा, त्यात अपशकुन काही नाही.

पुण्याच्या नणंदबाई ‘एवढं काय त्या पत्र्याच्या खोक्यात’ म्हणाल्या, त्याला उत्तर देऊ नका. त्यांच्या माळ्यावर काय काय आहे ते आपण कुठे विचारतो?

मुलांशी बोलणे झाले की मला जरूर कळवा. मात्र ते पत्र ‘मुलांचे म्हणणे असे पडले की’ अशा शब्दांनी सुरू झाले, तर मी ते तुम्हाला तसेच परत पाठवणार आहे.