नवी गाडी वारंवार बंद पडते आणि वर्कशॉपला दोष सापडत नाही. कंपनी गाडी बदलून देईल का?

आपली आठ महिन्यांची पेट्रोल गाडी चालता चालता बंद पडते, वर्कशॉप दर वेळी ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून ती परत देते, आणि आता कंपनीने नवी गाडी द्यावी अशी आपली अपेक्षा आहे. बहुतेक वेळा ती मिळत नाही. क्लचच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणात २००६ साली न्यायालयाने म्हटले की, वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करून वा बदलून देण्यापुरती असेल आणि तेवढ्याने काम भागत असेल, तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य ठरत नाही. म्हणून ‘गाडी बदला’ हा धोशा सोडावा आणि ‘दोष शोधा’ हा धरावा.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात माझी सारी नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतर घेतलेल्या गाडीने मला नेमका हाच त्रास दिला. आम्ही कासारवडवलीला राहतो, मुलगी वसईला असते. त्यामुळे घोडबंदर रस्ता आणि गायमुखचा घाट नेहमीचाच. गाडी घेऊन काही महिने होतात न होतात तोच त्या चढावर, मागे कंटेनरची रांग असताना, इंजिन एकाएकी बंद पडले. स्टिअरिंग जड झाले, ब्रेकचे पेडल कडक झाले, आणि थोड्या वेळाने चावी फिरवली तर काही घडलेच नव्हते अशी गाडी सुरू झाली.

वर्कशॉपने आधी पेट्रोलमध्ये भेसळ असल्याचे सांगितले, मग बॅटरी बदलली, मग इंधन पंप बदलला, आणि शेवटी सर्व्हिस ॲडव्हायझरने माझ्या वयाकडे पाहून ‘काका, क्लच सोडताना गडबड होत असेल’ असे सुनावले. यंत्रांच्या सहवासात आयुष्य गेलेल्या माणसाला हे बोलणे लागते. त्याच सुमारास आमचे जावईबापू म्हणाले, ‘बाबा, एक्स्चेंजमध्ये देऊन मोकळे व्हा.’ ते मला तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही. चढावर बंद पडणारी गाडी गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात मारली, तर गायमुखला ती कुणा दुसऱ्याच्या लेकराबाळांना घेऊन थांबणार.

मी कारखान्याची पद्धत धरली. तिथे ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये नुसते ‘मशीन बंद’ लिहून चालत नसे. लोड किती होता, तापमान किती होते, बंद पडण्याआधी काय चालले होते, हे सारे लिहावे लागे. तशी वही गाडीत ठेवली आणि प्रत्येक वेळी ठिकाण, चढ की सपाटी, गिअर, तापमानाचा काटा, एसी चालू की बंद आणि पेट्रोल कोणत्या पंपावरचे, हे नोंदवले. पाम बीच रस्त्यावर गाडी एकदाही बंद पडली नव्हती. मुंब्रा बायपासच्या आणि गायमुखच्या चढावर, खालच्या गिअरमध्ये इंजिनवर जोर आला की मात्र पडत होती, आणि पेट्रोलचा पंप बदलल्याने त्यात काहीही फरक पडत नव्हता. जोर आला की इंजिन आपल्या माउंटिंगवर किंचित कलते, आणि त्याबरोबर वायरिंग ओढले जाते. वर्कशॉपच्या सपाट फरशीवर इंजिन नुसते चालू ठेवून हा दोष दिसणे शक्यच नव्हते.

वही घेऊन मी वर्क्स मॅनेजरकडे गेलो आणि तंत्रज्ञाने स्कॅनर (गाडीच्या संगणकातील आकडे आणि दोषांचे कोड दाखवणारे यंत्र) जोडून माझ्याबरोबर घाट चढावा, असा आग्रह धरला. रस्ता मोकळा असताना सकाळी लवकर गेलो. इंजिन बंद पडले त्या क्षणी स्क्रीनवर आरपीएम थेट शून्य झाला, पण गाडी अजून गिअरमध्ये पुढे सरकत होती. म्हणजे क्रँकशाफ्ट, इंजिनचा मुख्य फिरता दांडा, फिरतच होता आणि तुटला होता तो त्याचे फिरणे मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल. त्या तरुण तंत्रज्ञाने तिथून सरळ वायरचा माग काढला. एक क्लिप मुळातच बसवलेली नव्हती आणि ब्रॅकेटला घासून वायरवरचे आवरण गेले होते. वायरिंग बदलले, क्लिप बसवली, आणि त्यानंतर हा त्रास झाला नाही.

आपणही जॉब कार्डवर तक्रार आपल्याच शब्दांत, परिस्थितीसह लिहून घ्यावी, आणि ‘दोष आढळला नाही’ असे असले तरी त्याची प्रत घेतल्याशिवाय वर्कशॉप सोडू नये. स्कॅनरमधील कोड पुसण्याआधी त्यांचा फोटो मागावा. एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि त्यानंतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जावे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच, आपण राहता त्या जिल्ह्यात करता येते. मुदत मात्र २ वर्षांची आहे. उत्पादनातील दोष सिद्ध करण्यासाठी आयोग सहसा तज्ज्ञाचा अहवाल मागतो, आणि तज्ज्ञालाही ती वहीच उपयोगी पडेल.

आणखी काही गोष्टी सांगणे आवश्यक आहे. भर रहदारीत बंद पडणारी गाडी वही भरण्यासाठी चालवत राहू नये. ती टो करून वर्कशॉपला न्यावी आणि दुरुस्तीपर्यंत तिथेच ठेवावी. बाहेरून हॉर्न, दिवे किंवा म्युझिक सिस्टिम बसवताना वायर कापल्या असतील, तर कंपनी विजेच्या दोषावरची वॉरंटी नाकारू शकते. आपल्या ओळखीत कुणाची बीएस ६ डिझेल गाडी असेल आणि ती रोज घर ते स्टेशन एवढीच चालत असेल, तर एक्झॉस्टमधील फिल्टर काजळीने तुंबू शकतो. म्हणून तिने त्रास दिला तर वायरिंग उपसण्याआधी, काजळी जळून जावी यासाठी ती मोकळ्या रस्त्यावर एका वेगात चालवून पाहावी.

जावईबापू म्हणतात की माझा दोष सापडला, हे माझे नशीब. सापडला नसता तर मी तीच वही आयोगापुढे ठेवली असती. आणि तरीही विकण्याची वेळ आलीच असती, तर सगळी जॉब कार्डे घेणाऱ्याच्या हाती देऊन, कमी किमतीला विकली असती. आपण विकायचे ठरवले, तर आपणही तसेच विकावे.